बीजेजे शिकायचंय, पण मुंबईत अकॅडमी आणि सर कसे निवडायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, राहायला डोंबिवली, ऑफिस बीकेसीत, आजवर कुठलाही मार्शल आर्ट केलेला नाही, तीन अकॅडम्या बघून ठेवल्यात. एकीत ब्लॅक बेल्ट सर आहेत पण ती अंधेरीला, दुसरीच्या कोचकडे मेडल्स भरपूर, तिसरी ठाण्यात म्हणजे घरच्या वाटेवर पण तिथले सर पर्पल बेल्ट, म्हणजे ब्लॅकच्या दोन पायऱ्या खाली. आणि ९ वर्षांच्या मुलीलाही घालायचंय. तर कुठे जाऊ?

मी १३ वर्षं ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजेच बीजेजे, हा जमिनीवर पकडी लावून लढायचा खेळ करतोय, सध्या ब्राऊन बेल्ट आहे, आठवड्यातून तीन दिवस नवीन लोकांची बॅच घेतो. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच, आणि बहुतेक जण बेल्टचा रंग किंवा इन्स्टावरचे रील्स बघून पैसे भरून मोकळे होतात, मग तीन महिन्यांत सोडतात, त्यातले काही तर दुखापत घेऊन सोडतात आणि परत कधी मॅटवर येत नाहीत. त्याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिन्ही ठिकाणी आधी नुसतं बघायला जा. ट्रायल क्लास नंतर करा, पहिल्या दिवशी फक्त बाकावर बसा आणि पूर्ण क्लास बघा. बसू देत नसतील तर तिथेच विषय संपला. आणि शेवटच्या अर्ध्या तासात स्पॅरिंग सुरू होतं, ज्याला आम्ही रोलिंग म्हणतो, तेव्हा बाकी काही नाही बघितलंत तरी चालेल पण टॅप कसा होतो आणि टॅप झाल्यावर समोरचा काय करतो ते नीट बघा.

टॅप म्हणजे समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोन-तीनदा थोपटायचं, की सोड, झालं. या खेळात ठोसे-लाथा नाहीत, हाताचा सांधा उलटा ताणणं किंवा मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबणं हेच मुख्य, आणि चोक नीट बसला तर माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. एवढी धोक्याची गोष्ट आपण रोज संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर करतो आणि दुसऱ्या दिवशी परत कामावर जातो ते फक्त या थोपटण्यावर भरवसा ठेवून.

मागच्या महिन्यातलं सांगतो. आमच्याकडे बँकेत काम करणारा एक जण नवीन आलाय, तिसराच क्लास, वजन ८५ च्या पुढे. त्याच्यासोबत रोल करत होती आमची पर्पल बेल्ट मुलगी, तिचं वजन ५५. तिने त्याला आर्मबारमध्ये घेतला, म्हणजे त्याचा हात आपल्या दोन पायांमध्ये धरून कंबर उचलून कोपर उलटं ताणायचा लॉक, पण त्याला आपण अडकलोय हेच कळेना, तो हात जोरात खेचायला लागला, आणि नवीन माणसाची कोपरं नेमकी अशाच वेळी जातात. तिने मनगट छातीशी धरून ठेवलं, पण कंबर वर उचललीच नाही, तिथेच थांबली आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुमचं कोपर बघा कुठेय, आता टॅप करा." त्याने केला. तिने लगेच सोडलं, त्याचा अंगठा कुठल्या दिशेला होता ते दाखवलं, अंगठा वळवून कोपर कसं लपवायचं ते दाखवलं आणि परत त्याच जागेवरून सुरू केलं. सगळं मिळून अर्धा मिनिट. असं दृश्य तुम्हाला बाकावरून दोन-तीनदा दिसलं तर समजा की सरांनी चांगली माणसं तयार केलीयत, कारण सर स्वतः तुमच्याशी आठवड्यातून एखादाच राउंड करतील, बाकी तुमचा सगळा वेळ जाणार तो त्यांच्या विद्यार्थ्यांबरोबर.

आता उलटं. मी सुरुवात केली ती उपनगरातल्या एका हॉलमध्ये, नाव घेत नाही. तिथे टॅप करणं म्हणजे कमीपणा. कोच मोठ्याने म्हणायचे "टॅप काय करतोस, निघ त्यातून", आणि मुलं हसायची. चौथ्या महिन्यात माझं उजवं कोपर गेलं, बोटं मोडल्यावर येतो तसा आवाज, फक्त कितीतरी मोठा, सगळ्या हॉलला ऐकू गेला. कोच म्हणाले बर्फ लाव, दोन दिवसांत बरं होईल. हात सरळ व्हायला आठ महिने लागले, तोवर पाण्याची बादली उचलता येत नव्हती आणि लोकलमध्ये डाव्या हाताने लटकत जायचो. ज्याने लॉक लावला त्या मुलावर माझा राग नाही, त्याला थांबायचं कधी हे कोणी शिकवलंच नव्हतं. राग शिकवणाऱ्यावर आहे, तो अजूनही आहे.

याच संदर्भात एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा जुडोपटू मासाहिको किमुरा आणि बीजेजे घडवणाऱ्या ग्रेसी घराण्यातला हेलिओ ग्रेसी यांची लढत झाली. किमुराने हेलिओचा हात मागे पिळून धरला, हेलिओने टॅप केलाच नाही, हात मोडला तरी नाही, शेवटी भाऊ कार्लोसने लढत थांबवली. त्या लॉकला आज जगभर किमुराच म्हणतात, तुम्ही पहिल्या महिन्यात शिकाल. बरेच कोच ही गोष्ट हिमतीचं उदाहरण म्हणून सांगतात, आणि ती हिंमत होतीच. पण ती लढत होती, हजारो लोकांसमोर. मंगळवारी रात्री ठाण्यातल्या क्लासमध्ये हेच डोक्यात घेऊन कोणी हात मोडून घेत असेल तर कोचने चुकीची गोष्ट शिकवली असं मी म्हणेन.

आपल्याकडे अजून एक गंमत होते, कुस्ती बघत वाढलेल्या लोकांची. कुस्तीत पाठ लागली की चीतपट, खेळ खलास. इथे पाठीवर पडल्यावर खेळ सुरू होतो. पाय समोरच्याच्या कमरेभोवती घालून खालून लढायचं, त्याला गार्ड म्हणतात. त्यामुळे बाकावरून बघताना खाली पडलेला हरतोय असं वाटेल, तसं समजू नका. आणि एखाद्या क्लासमध्ये नवीन माणसांना खालून कसं लढायचं हे शिकवतच नसतील, फक्त दणकट मुलं वर बसून दाबतायत असं दिसलं तर ३६ वर्षांच्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसाला तिथे काही मिळणार नाही.

आता बेल्टचं. प्रौढांचे बेल्ट पाच, व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राऊन, ब्लॅक. आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमाप्रमाणे ब्लूवर साधारण किमान २ वर्षं, पर्पलवर दीड, ब्राऊनवर १, आणि ब्लॅकसाठी वय किमान १९. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात ब्लॅक बेल्टला दहा वर्षं सहज जातात, नोकरी-संसार सांभाळून करणाऱ्याला त्याहून जास्त. म्हणजे पर्पल बेल्ट सर असतील तर त्या माणसाने आयुष्यातली पाच-सहा वर्षं तरी मॅटवर घालवलेली असतात, आणि तुम्हाला पहिली दोन वर्षं जे शिकायचंय ते शिकवायला ती पुरतात. मी सुरू केलं तेव्हा आम्हाला ब्लू बेल्ट शिकवत होते, वर्षातून एकदा बाहेरून कोणी ब्लॅक बेल्ट सेमिनारला आला तर सगळी मुंबई तिथे गोळा व्हायची. आज परिस्थिती खूपच चांगली आहे.

मात्र पर्पल बेल्ट सरांना दोन गोष्टी विचारा. तुम्हाला बेल्ट कोणी दिला, आणि तुम्ही स्वतः सध्या कोणाकडे शिकता. आपल्या तालमीत वस्ताद कोणाचा पठ्ठा हे सगळ्यांना ठाऊक असतं, तसंच इथे आहे. प्रत्येकाची साखळी मागे मागे जाते, बहुतेकांची मित्सुयो माएदापर्यंत, जो टोकियोच्या कोडोकानमध्ये जुडो शिकला आणि १९१४ साली ब्राझीलला पोचला, त्याच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकला आणि तिथून पुढे हे सगळं. खरा माणूस या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देतो, नाव घेऊन, शहर सांगून, बहुतेक वेळा फोटोपण दाखवतो आणि खूशही होतो. जो विषय बदलतो, किंवा "आमची स्वतःची सिस्टीम आहे" म्हणतो, किंवा कराटे-किकबॉक्सिंगचा बेल्ट दाखवून बीजेजे शिकवतो, त्याच्याकडे जाऊ नका. यात संकोच नको, विचारणं उद्धटपणाचं नाही. आणि जो सर दुसऱ्या प्रश्नाला म्हणतो की मी आता कोणाकडे शिकत नाही, मला गरज नाही, तो पर्पल असो नाहीतर ब्लॅक, माझ्या लेखी तो मागे पडला.

मेडल्सबद्दल मला एवढंच म्हणायचंय की मेडल जिंकणं आणि शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. काही जणांना दोन्ही येतं. तुम्ही बघायचं ते असं, की क्लासमधला सगळ्यात कच्चा माणूस, ज्याला अजून श्रिंपिंगपण जमत नाही, म्हणजे कंबर बाजूला सरकवत मागे जाणं, त्याच्याजवळ सर कितीदा जातात. दीड तासात एकदाही गेले नाहीत आणि सगळा वेळ स्पर्धेला जाणाऱ्या चार पोरांसोबत असतील तर ती अकॅडमी त्या चार पोरांसाठी चांगली असेल, तुमच्यासाठी नाही. एका सरांमागे पस्तीस-चाळीस माणसं आणि मदतीला कोणी सीनियर नाही, हेही तसंच.

क्लास कसा असतो ते माहीत असू द्या म्हणजे बघताना कळेल. दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप, मग एका विषयावर दोन-तीन टेक्निक, जोडीने ती घोटून घेणं, मग पोझिशनल म्हणजे ठरावीक जागेवरून सुरू होणारं स्पॅरिंग, मग पाच-सहा मिनिटांचे राउंड. नवीन माणसाला पहिल्या दिवशीच पूर्ण रोलिंगला टाकत असतील तर मला ते पटत नाही, काही चांगले सर टाकतात पण मग समोर विश्वासातला सीनियर देतात. आणि पहिल्या-दुसऱ्या महिन्यात हील हुक शिकवत असतील तर स्पष्ट विचारा का. टाच पिळून गुडघा जातो त्यात, दुखेपर्यंत उशीर झालेला असतो. आयबीजेजेएफने तो २०२१ पासून अधिकृत केला तोही फक्त नो-गीमध्ये, म्हणजे गी (जाड कापडाचं जॅकेट आणि पँट) न घालता खेळायच्या प्रकारात, मोठ्या वयोगटातल्या ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टला. व्हाइट बेल्टने त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

प्रवासाचं मी मुद्दाम मध्ये आणतोय, कारण मुंबईत निम्मे लोक त्याच्यामुळे सोडतात आणि बाकी कारणं सांगतात. अंधेरीचे ब्लॅक बेल्ट सर कितीही भारी असले तरी तुमचा हिशेब बघा. बीकेसीहून सातला सुटणार, अंधेरीला पोचणार, साडेनऊला क्लास संपणार, मग मेट्रोने घाटकोपर आणि तिथून डोंबिवली, घामाने भिजलेला गी बॅगेत, जेवायला साडेअकरा. हे आठवड्यातून दोनदा जमेल, पहिला महिना. मग पावसाळा लागेल, एखाद्या दिवशी सेंट्रल बंद पडेल, आणि बंद होईल सगळं. ठाण्याची जागा घरच्या वाटेवर आहे, कुर्ल्याहून गाडी पकडली की मध्येच उतरायचं. महिन्याला सहा हजार फी धरली आणि आठच वेळा गेलात तर एक क्लास साडेसातशेला पडतो, बारा वेळा गेलात तर पाचशेला. आणि पैशापेक्षा महत्त्वाचं म्हणजे आठवड्यातून तीनदा साध्या सरांकडे जाणारा माणूस वर्षभरात, कधीतरी मोठ्या सरांकडे जाणाऱ्यापेक्षा पुढे गेलेला मी दरवेळी बघितलाय.

स्वच्छता. यावर मी थोडा कडक आहे. आपल्याकडे गेली काही वर्षं नायटा, म्हणजे गजकर्ण, नेहमीच्या औषधांना दाद देईनासा झालाय, आणि लोक मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावतात, खाज दोन दिवस थांबते आणि मग दुप्पट पसरतं. त्यात मुंबईची दमट हवा आणि एकमेकांच्या अंगावर घासून खेळायचा खेळ. म्हणून बाकावर बसलात की हे बघा: मॅट क्लासच्या आधी किंवा नंतर जंतुनाशकाने पुसतात का, मॅटबाहेर प्रत्येक जण चप्पल घालतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाथरूमला जाताना चप्पल घालतात का. अनवाणी बाथरूममध्ये जाऊन तसाच मॅटवर येणारा एक जरी सीनियर दिसला आणि कोणी टोकलं नाही तर तिथली शिस्त कळली. अंगावर चट्टा असलेल्याला सर घरी पाठवतात का हेही विचारा. आमच्याकडे मी स्वतः पाठवतो, लोकांना वाईट वाटतं, पण स्किनच्या डॉक्टरला दाखवून बरे होऊन परत येतात.

गी दोन घ्या, निदान जून ते सप्टेंबर. जाड कापड असतं, पावसाळ्यात पंख्याखाली दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेला गी घालून येणं हा समोरच्यावर अन्याय आहे. किंवा पावसाळ्यापुरते नो-गीच्या क्लासला जा, रॅशगार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट, आणि शॉर्ट्स रात्रीत वाळतात.

हॉलचे खांबपण बघा. मुंबईतले बरेच हॉल बिल्डिंगच्या तळमजल्यावर नाहीतर बेसमेंटमध्ये असतात, मध्येच खांब. त्याला फोम गुंडाळलेला आहे का? मॅटच्या फटी पडल्यात का? फटीत पायाचं बोट अडकून मोडलेलं मी दोनदा पाहिलंय. आणि कोणाला लागलं तर जवळचं हॉस्पिटल कुठलं, हे सरांना लगेच सांगता आलं पाहिजे.

मुलीचं आता. तिच्यासाठी निवडताना तुमच्याहून जास्त वेळ घ्या. मुलांचा क्लास पालकांना बसून बघता आला पाहिजे, रोज, फक्त ट्रायलला नाही. "पालक समोर असले की मुलांचं लक्ष लागत नाही" हे कारण मी मान्य करत नाही, काच असली तरी चालेल पण बंद दार नको. मोठा माणूस मुलासोबत एकटा राहत नाही असा नियम तिथे आहे का ते विचारा, कपडे बदलायला मुलींची वेगळी जागा आहे का बघा. या खेळात अंगाला अंग लागतं, म्हणून कुठे पकडतात, का पकडतात, आणि नको वाटलं तर "थांबा" म्हणायचं, हे सरांनी मुलांना शब्दांत शिकवलेलं असावं. चांगले सर पहिल्याच आठवड्यात शिकवतात. मुलांचे बेल्ट वेगळे असतात, ग्रे, यलो, ऑरेंज, ग्रीन, आणि ब्लू बेल्ट वयाच्या १६ व्या वर्षाआधी मिळत नाही, त्यामुळे दहा-बारा वर्षांच्या मुलांना कोणी ब्लू बेल्ट वाटत असेल तर काय ते समजा. १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना आयबीजेजेएफच्या स्पर्धेत गिलोटिन चोक (समोरून मान काखेत धरून आवळणं) आणि पायाचे लॉक चालत नाहीत, क्लासमध्येही नसावेत. त्या वयात पडायचं कसं, पकड सोडवायची कशी, वर बसलेल्याला उलटवायचं कसं, एवढं आलं तरी पुष्कळ. आणि तिथे ब्लू-पर्पल बेल्टच्या बायका, मुली दिसतायत का बघा. वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्या बायका ज्या अकॅडमीत आहेत तिथलं वातावरण सहसा ठीक असतं, आणि एकही नसेल तर का नाही हे विचारायला हवं.

पैसे एक वर्षाचे एकदम भरू नका, कितीही डिस्काउंट दिला तरी. आधी महिना, मग तीन महिने. आजारी पडलात, ऑफिसने बाहेर पाठवलं तर फी पुढे ढकलतात का ते लिहून घ्या. दुसरीकडे एखाद्या दिवशी ट्रेनिंगला गेलात तर चालेल का हेही विचारून ठेवा. इथे अकॅडमी सोडून जाणाऱ्याला गद्दार म्हणायची एक जुनी पद्धत आहे, त्याला क्रेओंची असा ब्राझीलमधून आलेला शब्दही आहे. गुरूबद्दल निष्ठा मला मान्य आहे, मी माझ्या सरांकडे दहा वर्षं आहे. पण फी भरून शिकायला आलेल्या ३६ वर्षांच्या माणसाला कोणी पहिल्याच महिन्यात निष्ठेची भाषा ऐकवत असेल तर जरा लांब राहा.

तर तुमच्या तिघांपैकी माझं मत ठाण्याचं, पण तिथल्या पर्पल बेल्ट सरांनी आपल्या सरांचं नाव सांगितलं आणि टॅपचं वातावरण मी वर लिहिलंय तसं दिसलं तरच. अंधेरीच्या ब्लॅक बेल्ट सरांकडे महिन्यातून एखाद्या रविवारी जा, ठाण्याच्या सरांना सांगून, तेही बहुधा खूशच होतील. आणि ठाण्यात मन नाही बसलं तर जवळची जागा म्हणून मुकाट्याने तिथेच अडकून पडू नका, दुसरी शोधा. कंबर किंवा मान आधीपासून दुखत असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि सरांनाही पहिल्याच दिवशी सांगा, लपवू नका.

या शनिवारी बघायला जाणार असाल तर मुलीलाही घेऊन जा आणि येताना ट्रेनमध्ये तिला विचारा की कोण आवडलं आणि कोण नाही आवडलं. मुलांना बरंच दिसतं. आणि ट्रायलच्या दिवशी दोघांची नखं कापून जा, हाताची आणि पायाची, अंगठी, घड्याळ, तिचे कानातले घरी ठेवून, आणि मॅटपर्यंत घालायला साध्या रबरी चपला बॅगेत टाका.